देखाव्याच्या गर्दीत हरवलेली क्षमा

जे. आर. आर. टोल्कीन हे श्रद्धावान कॅथलिक साहित्यिक. त्यांची 'द हॉबिट' ही बालकादंबरी १९३७ साली आणि तिचा पुढील भाग असलेली 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झाली.

पीटर जॅक्सन यांनी या दुसऱ्या कथेवर २००१ ते २००३ या काळात तीन चित्रपट काढले. त्यांतील अफाट सैन्यांनी आपले डोळे दिपले. परंतु त्यांचा प्राण आम्हांस एका शांत संवादात आढळतो. अंगठीपायी भ्रष्ट झालेल्या गॉलमला बिल्बोने ठार का केले नाही, या फ्रोडोच्या खंतीवर गॅन्डाल्फ त्याला दयेचे मोल सांगतो. गॉलम जिवंत राहिला म्हणूनच अखेर ती दुष्ट अंगठी अग्नीत पडते.

पुढे २०१२ ते २०१४ मध्ये जॅक्सन यांनीच छोटेखानी 'हॉबिट'चेही तीन चित्रपट केले. पुस्तकात शेवटच्या लढाईच्या ऐन भरात बिल्बो डोक्यावर दगड आदळून बेशुद्ध पडतो आणि युद्ध थोडक्या पानांत आटोपते. लेखकाचे लक्ष असते ते मरणोन्मुख राजा थोरिन बिल्बोशी करीत असलेल्या समेटाकडे. पडद्यावर मात्र लढाई लांबतच जाते आणि तो समेट तिच्या गदारोळात दबून जातो.

तंत्र दोन्हीकडे उत्तमच होते. पहिल्या मालिकेत ते कथेमागून चालले. दुसरीत कथाच त्याच्यामागे फरफटली. मुलांना हे चित्रपट दाखविणाऱ्या पालकांनी मूळ पुस्तकही त्यांच्या हाती द्यावे, असे आम्हांस वाटते.