नव्या संगणकातील आवाजाचा माग : कारणे, ओळख आणि उपाय

सातारा/सांगली : नवा डेस्कटॉप संगणक घरी आला, की पहिले चार-आठ दिवस कौतुकात जातात. त्यानंतर अनेक घरांतून एकच तक्रार ऐकू येते. संगणक उत्तम चालतो, पण स्वस्थ बसत नाही. कोणाकडे तो घरघरतो, कोणाकडे खडखडतो, तर कोठे बारीक शीळ घालतो. दिवसा रहदारीच्या गलबल्यात हा आवाज झाकला जातो. रात्री अभ्यासाला किंवा हिशेबाला बसले, की मात्र तोच तेवढा कानात घुमू लागतो.

यांतील बहुतेक आवाज निरुपद्रवी असतात आणि स्क्रू-ड्रायव्हर व थोडा संयम एवढ्या भांडवलावर बंद करता येतात. काही आवाज मात्र पूर्वसूचना देणारे असतात. त्यांकडे दुर्लक्ष झाले, तर वर्षानुवर्षांची छायाचित्रे, दुकानाच्या खतावण्या किंवा विद्यार्थ्याचा प्रकल्प एका क्षणात नाहीसा होऊ शकतो. म्हणून आवाज कोठून येतो, हे ओळखण्याची पद्धत प्रत्येक संगणकधारकाने जाणून घेणे हिताचे आहे.

आवाजाची उगमस्थाने

डेस्कटॉप संगणकात हलणारे भाग मोजकेच असतात. प्रोसेसरवरील पंखा, कॅबिनेटचे पंखे, वीजपुरवठा करणाऱ्या एसएमपीएसमधील पंखा, ग्राफिक्स कार्डाचे पंखे, हार्ड डिस्क आणि असल्यास डीव्हीडी ड्राइव्ह, एवढीच ही यादी. लिक्विड कूलर बसविलेला असेल, तर त्याच्या पंपाची भर पडते. आता बहुतेक नव्या संगणकांत येणाऱ्या एसएसडीमध्ये एकही फिरता भाग नसल्याने तिचा यांत्रिक आवाज होत नाही. मात्र मोठा साठा व सीसीटीव्ही चित्रीकरण यांसाठी फिरत्या चकतीची हार्ड डिस्क आजही वापरात आहे.

न हलणारे भागही आवाज करतात, हे अनेकांना ठाऊक नसते. ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्ड आणि एसएमपीएस यांमध्ये तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. त्यांतून जाणारा प्रवाह वेगाने कमी-जास्त झाला, की चुंबकीय बलामुळे वेटोळी सूक्ष्म कंप पावतात आणि तीक्ष्ण शीळ ऐकू येते. तंत्रज्ञ याला 'कॉइल व्हाइन' म्हणतात. याशिवाय सैल पत्रा, अर्धवट घट्ट केलेला स्क्रू, पंख्याच्या पात्याला टेकलेली वायर आणि खाली असलेले हलके प्लायवूडचे टेबल हेही या वाद्यवृंदातील सभासद असतात.

आवाजावरून ओळख

सलग घोंघावणारा आवाज बहुधा पंख्याचा असतो. सात पात्यांचा पंखा मिनिटाला १२०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला २० फेरे होतात आणि पाती १४० वेळा हवा कापतात. त्यामुळे १४० हर्ट्‌झचा खर्ज उमटतो. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कची गुणगुण १२० हर्ट्‌झच्या आसपास असते आणि ५४०० फेऱ्यांच्या डिस्कची ९० हर्ट्‌झच्या. वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा असल्याने ट्रान्सफॉर्मरची गुणगुण १०० हर्ट्‌झवर येते. मोबाइलवर ध्वनीची कंप्रता दाखविणारी ॲप्स मिळतात. त्यांच्या साहाय्याने संशयितांची यादी लवकर आटोपशीर होते.

ठरावीक लयीत येणारी टिकटिक असेल, तर पात्याला वायर लागत आहे का, हे प्रथम पाहावे. नव्या जुळणीत हे कारण वारंवार आढळते. येणारा-जाणारा, टेबलाला हात लावताच बदलणारा थरथराट सैल पत्र्याचा असतो. खेळ सुरू केल्यावर किंवा पडद्यावरील मजकूर भराभर सरकविल्यावर वाढणारी बारीक शीळ म्हणजे कॉइल व्हाइन. पाणी खळखळल्यासारखा आवाज लिक्विड कूलरमध्ये अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांचा असतो. संगणक सुरू होताना येणाऱ्या 'बीप' या मदरबोर्डच्या सांकेतिक सूचना असतात, तर वीज गेल्यावरची 'बीप' यूपीएसची असते.

शोध कसा घ्यावा?

पहिली पायरी ऐकण्याची. जुने मिस्त्री इंजिनावर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावतात आणि कोणते बेअरिंग वाजते ते सांगतात. तत्त्व तेच, परंतु चालू संगणकात धातूचे हत्यार घालणे धोक्याचे आहे. त्याऐवजी वर्तमानपत्राची घट्ट सुरळी करून एक टोक कानाशी धरावे आणि दुसरे टोक कॅबिनेटच्या बाहेरून निरनिराळ्या भागांजवळ न्यावे. आवाजाची दिशा बऱ्याच अंशी स्पष्ट होते.

दुसरी पायरी दाबून पाहण्याची. कॅबिनेटच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्यांवर, माथ्यावर व पुढील भागावर तळहाताने क्रमाने हलका दाब द्यावा. आवाज थांबला, तर दोष पत्र्याचा किंवा स्क्रूचा आहे. त्यानंतर संगणक बंद करून तो घडी घातलेल्या गोधडीवर ठेवावा, हवेच्या जाळ्या मोकळ्या राहतील याची खात्री करावी आणि पुन्हा सुरू करावा. आवाज लक्षणीय घटला, तर टेबलच तो वाढवीत होते, असे समजावे. ही चाचणी दोन-तीन मिनिटांचीच असावी. हार्ड डिस्क फिरत असताना संगणक कधीही उचलू किंवा हलवू नये.

तिसरी पायरी वजाबाकीची. संगणक बंद करून वीजजोड काढावा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरील स्थितिक विद्युत उतरवावी आणि कॅबिनेटच्या पंख्यांपैकी एकाचाच जोड काढून संगणक थोडा वेळ चालवून पाहावा. मग तो जोड परत लावून दुसऱ्याची परीक्षा घ्यावी. प्रोसेसरच्या पंख्याचा जोड मात्र काढू नये. बायोसमध्ये जाऊन त्याचा वेग कमी-जास्त करावा आणि आवाज त्याबरोबर बदलतो का, ते ऐकावे. चालत्या पंख्याला बोट लावू नये. एसएमपीएस तर कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. वीज काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार शिल्लक राहतो.

येथे एक गफलत टाळली पाहिजे. सारख्या आवाजाचे दोन पंखे एकत्र चालले, तर आवाज दुप्पट वाटत नाही; तो केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट भासण्यासाठी सुमारे १० डेसिबलची वाढ लागते. म्हणजेच दोन गोंगाटी पंख्यांपैकी एक बंद केल्यावर फारसा फरक जाणवला नाही, म्हणून तो निर्दोष ठरत नाही. सर्वांत मोठा आवाज आधी शोधून शांत केल्याखेरीज लहान आवाज ऐकूच येत नाहीत.

मिरजेची जवारी आणि पत्र्याची थरथर

सांगली जिल्ह्याला आवाजाच्या पारखीची मोठी परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकापासून तंतुवाद्ये घडविणाऱ्या मिरजेतील कारागिरांच्या सतार व तंबोरा या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याचा भरदार झंकार जवारीतून येतो. तार घोडीच्या किंचित गोलाईदार पृष्ठभागाला अलगद स्पर्श करीत कंप पावते आणि स्वराला वलये फुटतात. तारेखाली सुताचा धागा सरकवून हा स्पर्श केसभराने कमी-जास्त केला जातो.

संगणकाच्या पत्र्याची थरथर याच तत्त्वावर होते. दोन पृष्ठभाग एकमेकांना घट्ट चिकटलेले नाहीत आणि पुरते दूरही नाहीत, अशा अवस्थेत पंख्याच्या कंपनाने ते एकमेकांवर आपटत राहतात. तंबोऱ्यात हवीहवीशी असलेली जवारी कॅबिनेटमध्ये नकोशी ठरते. उपायही त्यावरूनच सुचतो. स्पर्श पूर्ण घट्ट करावा, अर्थात स्क्रू आवळावेत. किंवा मध्ये रबराची अथवा फेल्टची पट्टी लावून स्पर्श तोडावा.

धूळ, हवामान आणि वीज

सातारा व सांगली जिल्ह्यांत संगणक चालविताना स्थानिक परिस्थितीही ध्यानात घ्यावी लागते. माण, खटाव, जत, आटपाडी या अवर्षणप्रवण तालुक्यांत उन्हाळ्यात धुळीचे लोट उठतात. साखर कारखान्यांच्या परिसरात गळीत हंगामात चिमणीची काजळी उडते, तर सांगलीच्या हळदपेठेत हळदीची बारीक पूड हवेतच असते. ही धूळ प्रोसेसरवरील पन्हळींत बसली, की उष्णता बाहेर पडत नाही आणि पंखा अधिक वेगाने फिरू लागतो. याउलट महाबळेश्वर, पाटण व कोयना परिसरात पावसाळ्यातील दमट हवा धुळीचा चिकट थर तयार करते.

जानेवारीत शांत असलेला संगणक एप्रिलमध्ये गोंगाट करू लागला, तर प्रत्येक वेळी दोष यंत्राचाच असतो असे नाही. सांगलीत उन्हाळ्यात पारा चाळिशीकडे झुकतो. खोलीच तापली, की पंख्याला वेग वाढविण्यावाचून गत्यंतर नसते. ग्रामीण भागात कॅबिनेटच्या मागील उघड्या फटींतून पाल किंवा उंदीर आत शिरण्याचे प्रकारही घडतात. त्यामुळे रिकाम्या फटींवरील पट्ट्या लावलेल्याच असाव्यात.

विजेचा प्रश्न वेगळा आहे. २००० ते २०१० या दशकातील भारनियमनाच्या काळात घरोघरी इन्व्हर्टर आले. त्यांपैकी चौकोनी लहरीची वीज देणाऱ्या इन्व्हर्टरवर संगणक चालविला, तर एसएमपीएसमधून गुरगुर ऐकू येते. वीजमंडळाच्या पुरवठ्यावर आवाज नाही आणि इन्व्हर्टरवर आहे, असे आढळल्यास उत्तर स्पष्ट आहे. शुद्ध साइन लहरीचा इन्व्हर्टर किंवा यूपीएस वापरावा. केवळ स्पीकरमधून गुणगुण येत असेल, तर अर्थिंग तपासून घ्यावे.

पुण्याहून संगणक जुळवून घेऊन एसटीने किंवा मोटारीने येणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. खंबाटकी घाटासह शंभराहून अधिक किलोमीटरच्या प्रवासात जड कूलर व ग्राफिक्स कार्ड हिसक्यांनी सैल होऊ शकतात. घरी पोहोचल्यावर प्रथम सुरू करण्याआधी कॅबिनेट उघडून सर्व भाग जागेवर आहेत ना, ते पाहावे. वाहतुकीसाठी आत ठेवलेला फोम आणि काचेवरील प्लॅस्टिकचे पातळ आवरण काढावे.

धोक्याचा आवाज

हार्ड डिस्कमधून येणारी ठरावीक अंतराने 'टक्‌... टक्‌' अशी पुनरावृत्ती किंवा खरवडल्यासारखा आवाज ही सर्वांत गंभीर खूण होय. माहिती वाचणारे शीर्ष आपली जागा शोधण्यात वारंवार अपयशी ठरत असल्याचे ते लक्षण असते. काही वेळा अपुऱ्या वीजपुरवठ्यामुळेही असे घडते. मात्र त्याचा शोध नंतर घ्यावा. अत्यावश्यक माहितीची प्रत दुसऱ्या डिस्कवर आधी करावी आणि त्यानंतर डिस्क वापरणे थांबवावे. डिस्कच्या 'स्मार्ट' नोंदी विनामूल्य आज्ञावलींद्वारे पाहता येतात. परंतु त्या निर्दोष दिसल्या, तरी कानाने दिलेली सूचना दुर्लक्षू नये. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते. तिच्यावरील माहिती मिळत नाही.

उपाय

नव्या संगणकातील पंखा अकारण पूर्ण वेगाने फिरत असेल, तर बायोसमधील मांडणी तपासावी. तीन पिनांचा पंखा चार पिनांच्या जोडावर बसवून तेथील पद्धत 'पीडब्ल्यूएम' ठेवली, तर त्याचा वेग नियंत्रित होत नाही. ती 'डीसी' किंवा 'व्होल्टेज' अशी केल्यास पंखा शांत होतो. वेग निम्मा केल्यास पंख्याचा आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. म्हणून एका लहान, वेगवान पंख्यापेक्षा मोठे व संथ पंखे केव्हाही चांगले. वेग कमी केल्यावर प्रोसेसरचे तापमान मर्यादेत राहते ना, याकडे लक्ष ठेवावे.

वायरी प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधाव्यात. हार्ड डिस्कच्या स्क्रूंना रबरी वॉशर लावावेत. कॉइल व्हाइन पूर्णपणे घालविणे कठीण असते, परंतु खेळांतील चित्रांचा प्रतिसेकंद वेग मर्यादित केल्यास ती बरीच घटते. लिक्विड कूलरमध्ये पंप हा संपूर्ण रचनेतील सर्वांत उंच भाग राहणार नाही, अशी मांडणी करावी.

वॉरंटी आणि ग्राहकाचे हक्क

जुळवणी केलेल्या संगणकात प्रत्येक भागाची वॉरंटी स्वतंत्र असते, तर तयार संगणकाची एकत्रित. कॅबिनेटवर सील असल्यास ते तोडण्यापूर्वी विक्रेत्याला विचारावे. जीएसटीचे बिल आणि भागांचे अनुक्रमांक जपून ठेवावेत. आवाज सतत येत नसेल, तर मोबाइलवर त्याचे चित्रीकरण करून ठेवावे. दुकानात नेल्यावर संगणक नेमका गप्प राहतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. पंख्याचा सामान्य आवाज व सौम्य कॉइल व्हाइन यांना अनेक उत्पादक दोष मानत नाहीत, हेही ध्यानात असावे.

खरोखर सदोष वस्तू बदलून देण्यास टाळाटाळ झाली, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार तक्रारदार जेथे राहतो, तेथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. त्यामुळे पुण्यात किंवा ऑनलाइन खरेदी केलेल्या संगणकासाठी साताऱ्याच्या वा सांगलीच्या रहिवाशाला आपल्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षांची असून, ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क आकारले जात नाही.

दर तीन-चार महिन्यांनी मऊ ब्रशने जाळ्या व पंखे स्वच्छ करावेत. त्या वेळी पंख्याची पाती हाताने धरून ठेवावीत. महत्त्वाच्या माहितीची प्रत नेहमी दुसरीकडे ठेवावी. आपल्या संगणकाचा नेहमीचा आवाज एकदा कानात बसला, की त्यातील बदल चटकन लक्षात येतो आणि वेळीच उपाय करता येतो.