आकाशवाणीच्या संकेतधुनीमागील वादक : वॉल्टर कॉफमन आणि बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी

प्रस्तावना

सकाळच्या पहिल्या सभेपूर्वी वाजणारी आकाशवाणीची संकेतधून महाराष्ट्रातील किमान तीन पिढ्यांच्या कानांत रुजलेली आहे. पुणे केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले. पुढे ट्रान्झिस्टर स्वस्त झाल्यावर भोर तालुक्यातील हिर्डोशीसारख्या, वरंधा घाटाच्या वाटेवरील डोंगरी गावांतही दिवसाचा आरंभ या धुनीने होऊ लागला. खाली तानपुऱ्याचा अखंड झंकार आणि त्यावर व्हायोलिनने आळवलेली, शिवरंजनीच्या छायेतील एक लहानशी स्वरावली, एवढाच तिचा विस्तार. ही रचना सर्वसाधारणपणे वॉल्टर कॉफमन या मध्य युरोपातून आलेल्या ज्यू संगीतकाराच्या नावे सांगितली जाते, आणि तीतील व्हायोलिनवादन मेहली मेहता यांचे असल्याचे मानले जाते.

धून सर्वांना ठाऊक आहे. मात्र ज्या दोन तरुणांची नावे तिच्याशी जोडली जातात, ते त्याच काळात मुंबईत दर गुरुवारी एकत्र वाजवीत असत, याची नोंद मराठी संगीतविषयक लेखनात फारशी आढळत नाही. त्या गुरुवारच्या बैठकांचा आणि त्यांच्या ऐतिहासिक स्थानाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चेंबर म्युझिक आणि आपली बैठक

चेंबर म्युझिक म्हणजे मोठ्या सभागृहासाठी नव्हे, तर दिवाणखान्यासाठी लिहिलेले संगीत. वादक दोनपासून आठ-दहापर्यंत असतात, प्रत्येकाची ओळ स्वतंत्र असते आणि संचालक नसतो. हिंदुस्थानी संगीताच्या खासगी बैठकीशी त्याचे साम्य सहज जाणवते. जवळ बसलेला जाणकार श्रोता ही दोहोंचीही गरज आहे. तथापि एक भेद मूलगामी आहे. आपल्या बैठकीत मुख्य कलावंत आणि साथीदार अशी उतरंड असते. तंतुवाद्यांच्या चतुष्कात, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला व एक चेलो यांच्या मेळात, चौघेही समान मानकरी असतात. शिवाय सर्व काही आधी लिहिलेले असते. रागसंगीताची उत्स्फूर्तता आणि कागदावरील स्वरलेखन यांची सांगड कशी घालावी, हा प्रश्न म्हणूनच अशा वृंदापुढे मोठ्या ऑर्केस्ट्रापेक्षा अधिक तीव्रतेने उभा राहतो. वादक कमी असल्याने प्रत्येक स्वर उघडा पडतो.

कॉफमन यांचे मुंबईतील आगमन

कॉफमन यांचा जन्म १९०७ मध्ये बोहेमियातील कार्ल्सबाड येथे झाला. बर्लिनमध्ये फ्रान्त्स श्रेकर यांच्याकडे त्यांनी रचनाशास्त्राचे शिक्षण घेतले आणि पुढे प्रागच्या जर्मन विद्यापीठात संगीतशास्त्राचा अभ्यास केला. आपले मार्गदर्शक नाझी विचाराच्या युवक संघटनेत पुढारी आहेत हे कळल्यावर त्यांनी डॉक्टरेट स्वीकारण्यास नकार दिला, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. १९३४ च्या आरंभी ते मुंबईस आले. त्यामागे भारतीय संगीताची ओढ होती, तसेच येथील प्रवेशपत्र सहज मिळत होते हे व्यावहारिक कारणही होते.

त्यांची पहिली प्रतिक्रिया विशेष उल्लेखनीय आहे. भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका प्रथम ऐकताना ते त्यांना पूर्णतः परके आणि अनाकलनीय वाटले. परंतु इतके लोक ज्या संगीतावर जीव लावतात त्यात उणीव नसावी, उणीव आपल्या कानांत असावी, असा निष्कर्ष त्यांनी काढला. वसाहतकाळातील युरोपीय अभ्यासकांमध्ये ही भूमिका विरळाच म्हणावी लागेल.

गुरुवारच्या बैठका

मुंबईत पाऊल ठेवल्यानंतर काही महिन्यांतच कॉफमन यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटीची स्थापना केली. पियानोवर स्वतः कॉफमन, व्हायोलिनवर मेहली मेहता आणि चेलोवर एदिजिओ व्हेर्गा हा तिचा गाभा होता. स्थान विलिंग्डन जिमखान्याचे आणि वार गुरुवारचा. स्थापनेच्या वेळी कॉफमन सत्ताविशीत होते आणि १९०८ साली जन्मलेले मेहता त्यांच्याहून वर्षाने लहान. पहिल्या तीन वर्षांतच या मंडळाचे शंभराहून अधिक कार्यक्रम झाले. स्थायी वादकवृंद नसलेल्या शहरात हे सातत्य असामान्य होते. मेहता यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला तो १९३५ मध्ये, म्हणजे या बैठका सुरू झाल्यानंतर.

जिमखान्यातील श्रोतृवर्ग शहराच्या इंग्रजी बोलणाऱ्या वरच्या थराचा होता, गिरगाव-दादरच्या मराठी श्रोत्याचा नव्हता, हे लपविण्याचे कारण नाही. तरीही केवळ या कारणास्तव मंडळाला इतिहासाबाहेर ठेवणे न्याय्य ठरत नाही. याच सुमारास मराठी संगीतातही पाश्चात्त्य वाद्यांचे प्रयोग सुरू होते. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाचे आणि १९३४ मध्ये प्रभातच्या ‘अमृतमंथन’ या चित्रपटाचे संगीत केशवराव भोळे यांचे होते. भोळे पाश्चात्त्य वाद्ये मराठी भावाच्या सेवेला आणीत होते. कॉफमन रागाच्या चलनाला चतुष्काच्या चौकटीत जागा करू पाहत होते. एकाच काळातील हे दोन प्रयत्न आहेत. आपल्या इतिहासलेखनाने पहिल्याला ‘आपले’ म्हणून सन्मानाने नोंदविले आणि दुसऱ्याला ‘त्यांचे’ म्हणून वगळले. हा निकष संगीताचा नाही, सामाजिक अंतराचा आहे.

रेडिओ, चित्रपट आणि नवी रचना

१९३८ मध्ये कार्ल्सबाडचा प्रदेश जर्मनीच्या ताब्यात गेला आणि कॉफमन यांच्या परतीच्या वाटा बुजल्या. तोपर्यंत ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रावर युरोपीय संगीत विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे आली होती. १९४६ पर्यंत ती त्यांनी सांभाळली. रेडिओसाठी त्यांनी ‘अनसूया’ हा ऑपेरा लिहिला आणि मोहन भवनानी यांच्या चित्रपटांना पार्श्वसंगीत दिले. क्रमांक ७ व ११ ही तंतुवाद्य चतुष्के १९३९ च्या सुमाराची आहेत.

या पार्श्वभूमीवर संकेतधून पुन्हा ऐकली म्हणजे तिची जडणघडण उलगडते. तीत स्वरसंवादांची पाश्चात्त्य पद्धतीची मालिका नाही. आधारस्वर स्थिर आहे आणि व्हायोलिन एकाकी. रागाला स्वरमेळाचे ओझे सोसवत नाही, हे ज्याला उमगले आहे अशा रचनाकाराचा संयम येथे दिसतो. हा संयम मोठ्या वाद्यमेळात शिकता येत नाही. तो मोजक्या वाद्यांसाठी लिहिणाऱ्या आणि स्वतः त्यांच्यात बसून वाजविणाऱ्या संगीतकाराला साधतो.

पांगापांग

मेहता यांनी १९४० मध्ये बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट स्थापन करून चेंबर म्युझिकचा धागा पुढे नेला. १९४५ मध्ये ते शिक्षणासाठी न्यू यॉर्कला गेले, परतले आणि पुढे कायमचे परदेशी स्थायिक झाले. त्यांचे पुत्र झुबिन मेहता यांची कीर्ती सर्वश्रुत आहे. कॉफमन १९४६ मध्ये इंग्लंडला आणि तेथून कॅनडाला गेले. १९४८ मध्ये विनिपेग सिम्फनी ऑर्केस्ट्राचे ते पहिले संचालक झाले. १९५७ पासून त्यांनी अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात अध्यापन केले.

मुंबईत रागाला पाश्चात्त्य वाद्यमेळात बसविण्याचा पुढचा ठळक प्रयत्न माजोर्डा गावच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. त्या प्रयोगाची आठवण गोव्याच्या वादकांनी आणि चित्रपटसृष्टीने जपली आहे. कॉफमन यांच्या बाबतीत असा कोणताही समाज मागे उरला नाही.

कॉफमन यांचा ‘द रागाज ऑफ नॉर्थ इंडिया’ हा ग्रंथ १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. पं. भातखंडे यांच्या दहा थाटांच्या व्यवस्थेवर त्याची मांडणी बेतलेली असल्याने भारतीय अभ्यासक त्यांना ग्रंथकार म्हणून ओळखतात; रचनाकार म्हणून ते विस्मृतीतच राहिले. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची हस्तलिखिते इंडियाना विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. निर्वासित संगीतकारांच्या दुर्लक्षित रचना शोधून वाजविणाऱ्या टोरांटोच्या एआरसी आँसाँब्ल या वृंदाने २०२० मध्ये त्यांच्या चेंबर रचनांची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. मुंबईत लिहिलेले अकरावे चतुष्क तीत आहे, सुमारे ऐंशी वर्षांनंतर.