चौलचा गाळ आणि पाणबुड्याची नजर

समुद्राखाली उतरून सुटी घालवण्याचा बेत आता मराठी घरांतही ठरू लागला आहे. परदेशी असलेला एखादा भाचा कॅरिबियन समुद्रातील बोनेर बेटावर जातो, इकडचे एखादे कुटुंब तारकर्लीला जाते. माहितीपत्रकात प्रवास, मुक्काम, जेवण आणि भाडे यांचा तपशील असतो. पण असा बेत आखणाऱ्याने सर्वांत आधी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. तेथील पाण्यात किती दूरचे दिसते?

बोनेरच्या पाण्यात वीस-तीस मीटर अंतरावरचे प्रवाळ स्पष्ट दिसतात. रायगड जिल्ह्यातील चौलच्या खाडीत मात्र बुडी मारली, तर आपल्याच पसरलेल्या हाताची बोटे दिसणे कठीण. वास्तविक पाण्याखाली जाऊन शोधावे असे चौलला पुष्कळ आहे. तरीही तेथे कोणी बुडी मारण्यासाठी सुटी काढून जात नाही. याचे कारण शोधू लागलो, की आपण चौलच्या इतिहासातच शिरतो. पाणबुड्याला आंधळे करणारा गाळ हाच या बंदराच्या कहाणीतील एक मोठा पात्रधारी आहे.

दोन हजार वर्षांचे बंदर

अलिबागच्या दक्षिणेस सतरा-अठरा किलोमीटरवर कुंडलिका नदी समुद्राला मिळते. तिच्या उत्तर तीरावर चौल व रेवदंडा ही गावे आहेत आणि दक्षिणेला कोर्लईचा डोंगरी किल्ला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात या बंदराचा ‘सेमिल्ला’ असा उल्लेख आहे. दुसऱ्या शतकात टॉलेमीने त्याला ‘सिमिल्ला’ म्हटले. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत ‘चेमुल’ येथील दात्यांची नोंद आढळते. अरब लेखकांनी त्याचेच ‘सैमूर’ केले. बगदादचा अल् मसूदी इ. स. ९१५-१६च्या सुमारास येथे आला, तेव्हा शिलाहारांचे राज्य होते. १४६९च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी याच बंदरात उतरून पुढे बिदरला गेला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे विश्वास गोगटे आणि त्यांचे सहकारी यांनी चौलला उत्खनन केले, त्यातही सातवाहन काळापासूनच्या वस्तीचे पुरावे मिळाले.

इतकी शतके जहाजे येथेच का आली? कोकणातील जुनी बंदरे बहुधा खाड्यांच्या मुखाशी वसलेली आहेत. खाडीत लाटांपासून आसरा मिळतो. भरतीबरोबर गलबते आत शिरतात, ओहोटीबरोबर बाहेर पडतात. शिडाच्या जहाजांना ही फुकटची शक्तीच होती. रायगडच्या किनाऱ्यावर उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतला फरक चार मीटरांच्या आसपास जातो. मालवणकडे तो बराच कमी होतो. कॅरिबियन बेटांवर तर तो बहुतेक ठिकाणी अर्ध्या मीटरहूनही कमी असतो. मुंबईसमोर समुद्राचा उथळ तळ, म्हणजे भूखंडमंच, सुमारे तीनशे किलोमीटर रुंद आहे. दक्षिणेकडे तो अरुंद होत जातो. रुंद, उथळ मंचावर भरतीची लाट फुगते, त्यामुळे उत्तर कोकणात पाणी जास्त चढते-उतरते.

परंतु ज्या प्रवाहाने जहाजे आत आणली, तोच दिवसातून चार वेळा तळ ढवळतो.

खांबांत अडकलेले जहाज

या पाण्याचा एक प्रसंग इतिहासात नोंदलेला आहे. मार्च १५०८मध्ये इजिप्तच्या मामलूक सुलतानाचे आरमार अमीर हुसेनच्या नेतृत्वाखाली चौलला आले. दीवचा मलिक अयाज त्याला येऊन मिळाला. खाडीत पोर्तुगीज जहाजे होती. त्यांचा सेनानी होता लोरेन्सो द आल्मेदा, हा पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा. माघार घेताना त्याच्या जहाजाला गोळा लागला आणि आत पाणी शिरू लागले. जड झालेले जहाज प्रवाहाबरोबर वाहत गेले आणि मासेमारीसाठी तळात रोवलेल्या लाकडी खांबांत अडकले. लोरेन्सो तेथेच मारला गेला आणि जहाज बुडाले.

हे खांब तेथे का होते? प्रवाहाच्या तोंडाशी पिशवीसारखे जाळे बांधून ठेवायचे आणि मासे पाण्याबरोबर आपोआप आत येऊ द्यायचे, ही उत्तर कोकणच्या कोळ्यांची डोल जाळ्याची पद्धत आहे. जोराची भरती-ओहोटी नसेल, तर अशी मासेमारी होऊच शकत नाही. म्हणजे ज्या प्रवाहावर कोळ्यांचे पोट चाले, त्याच प्रवाहाने आणि त्यांच्याच खांबांनी त्या लढाईचा निकाल लावायला हातभार लावला.

पुढे निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी रेवदंड्याला किल्ला बांधला (१५२१-२४). १५७०-७१चा निजामशाही वेढा त्यांनी परतवला, पण १७४०मध्ये चौल आणि कोर्लई मराठ्यांच्या हाती आली. तोवर मुंबई वाढू लागली होती, जहाजे मोठी झाली होती आणि उथळ खाडीत शिरणे त्यांना अवघड जात होते. चौलच्या ऱ्हासाचे गाळ हे एकमेव कारण नव्हे. युद्धे आणि व्यापाराचे बदललेले मार्गही त्याला जबाबदार आहेत. मात्र ज्या बंदराची खोली कमी होत जाते, त्याला असे धक्के पचवणे जड जाते.

गाळ येथेच का बसतो?

सह्याद्रीचा काळा पाषाण झिजून त्याची बारीक चिकणमाती होते. पावसाळ्यात नद्या ती खाली आणतात. डोंगर उघडे पडले, तर ती अधिक येते. वाळूचा ०.२ मिलिमीटरचा कण स्थिर पाण्यात सेकंदाला सुमारे २ सेंटिमीटर खाली जातो. म्हणजे १० मीटर खोल जायला त्याला आठ-नऊ मिनिटे पुरतात. चिकणमातीच्या कणाचा व्यास याच्या शंभरावा भाग असतो. पडण्याचा वेग व्यासापेक्षा कितीतरी झपाट्याने घटतो. म्हणून तेवढेच अंतर जायला त्या कणाला जवळजवळ महिना लागतो! दिवसातून चार वेळा ढवळणाऱ्या पाण्यात त्याला महिनाभर स्वस्थता कोठून मिळणार?

मग खाडी भरते कशी? गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो, तेव्हा कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि ते लवकर बसतात. समुद्राचे मीठ काहीसे असेच काम करते. नदीचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यात मिसळले, की एकमेकांना दूर सारणारे मातीचे कण जवळ येतात, पुंजके होतात आणि तळाशी जातात. नेमके नदीच्या मुखाशीच, म्हणजे जेथे बंदर असते तेथेच, हे घडते. बोनेर हे कोरडे बेट आहे. तेथे मोठी नदी नाही, भरतीचा जोर नाही, म्हणून तेथील पाणी काचेसारखे राहते.

पण ‘काचेसारखे ते चांगले आणि गढूळ ते घाण’ अशी समजूत मुलांची होऊ देऊ नये. उष्ण समुद्रातील निळे, नितळ पाणी बहुधा पोषक द्रव्यांनी गरीब असते. त्यात सूक्ष्म वनस्पती कमी असतात, म्हणून तर ते पारदर्शक दिसते. कोकणच्या गढूळ पाण्यात जमिनीवरून आलेली पोषक द्रव्ये असतात आणि त्यांवर कोळंबी, बोंबील यांची समृद्ध मासेमारी उभी आहे. कारखान्याचे सांडपाणी मिसळून झालेली घाण ही अर्थातच निराळी गोष्ट आहे.

पाण्याखालचा श्वास

बेत आखणाऱ्याने दुसरा विचार दाबाचा करावा. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. बॉइलच्या नियमाप्रमाणे वरून ६ लिटर हवा भरून नेलेली छाती तेथे ३ लिटरवर येते. जुने मोती काढणारे पाणबुडे असेच, श्वास रोखून उतरत. १९४३मध्ये फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी एक झडप तयार केली. ती भोवतालच्या दाबाइतक्याच दाबाची हवा, मागू तेव्हा, तोंडाशी देते. ‘स्कूबा’ या यंत्राचे मर्म हेच. आता उलट विचार करा. १० मीटरवर छाती भरून ६ लिटर हवा घेतली आणि श्वास रोखून वर आलो, तर ती १२ लिटर होऊ पाहील आणि फुप्फुस फाटेल. म्हणून ‘श्वास कधीही रोखू नका’ हा या खेळाचा पहिला नियम आहे. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा लागतो, यासाठी जॉन हॉल्डेन यांनी १९०८मध्ये वर येण्याची कोष्टके प्रसिद्ध केली. बुडी मारल्यावर लगेच विमानात बसू नये, हा नियमही यातूनच आला. मालवणहून त्याच दिवशी घाट चढायचा असेल, तर तेही प्रशिक्षकाला आधी सांगावे.

कोठे आणि केव्हा

आपल्या राज्यात यासाठी मालवण-तारकर्लीचा किनारा योग्य आहे. तेथे भरतीचा जोर कमी आहे, खडक आणि प्रवाळ आहेत. १९८७पासून मालवणचा सागरी भाग अभयारण्य आहे. पावसाळ्याचे चार महिने वगळावेत. कोळी ज्याला भांगाची भरती म्हणतात, ते अष्टमी-नवमीच्या आसपासचे दिवस निवडावेत, कारण तेव्हा प्रवाह मंद आणि पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ असते. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण टाळावे. थोडक्यात, या सहलीचे पहिले माहितीपत्रक म्हणजे घरातले पंचांग! विजयदुर्गपासून शंभराहून अधिक किलोमीटर आत, नद्यांच्या गाळापासून दूर, ‘अँग्रिया बँक’ हा बुडालेला प्रवाळमंच आहे. त्याला नाव मिळाले आहे ते चौलच्या शेजारच्या कुलाबा किल्ल्यावरून आरमार चालवणाऱ्या कान्होजी आंग्र्यांचे.

पाण्याखालचा इतिहास पाहणेही अशक्य नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी मुरगावजवळच्या सुंची खडकावर सतराव्या शतकातील पोर्तुगीज जहाजाचे अवशेष शोधले. तेथे तोफा, हस्तिदंत आणि चिनी मातीची भांडी मिळाली. चौलच्या खाडीत अशा कामाला डोळ्यांऐवजी ध्वनिलहरींची मदत घ्यावी लागेल. एका अर्थी गाळ तेथे पहारेकरीही आहे. गाळात गाडलेल्या लाकडाला प्राणवायू मिळत नाही आणि ते उघड्या पाण्यातल्यापेक्षा जास्त टिकते.

वर्गासाठी

दोन पेल्यांत सारखेच गढूळ पाणी घ्या. एकात चमचाभर मीठ ढवळा आणि दर दहा मिनिटांनी दोन्ही पेले पाहा. खाडीचे मुख आपल्या टेबलावर येईल. दुसरा प्रयोग आंजेलो सेक्की या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५मध्ये भूमध्य समुद्रात केलेला आहे. पांढरी रंगवलेली ताटली वजन लावून, अर्ध्या अर्ध्या मीटरवर गाठी मारलेल्या दोरीने पाण्यात सोडा आणि ती दिसेनाशी होते ती खोली लिहा. विहिरीवर किंवा धक्क्यावर, मोठ्या माणसांच्या देखरेखीखालीच हे करावे. किनाऱ्यावरच्या शाळांनी उधाण व भांग, पावसाळा व उन्हाळा अशा नोंदी वर्षभर ठेवाव्यात. चौल-रेवदंड्याच्या मुलांना या आकड्यांमधून आपल्या गावाची जहाजे का आली आणि पुढे का येईनाशी झाली, याचा काही भाग स्वतः मोजून पाहता येईल.