म्हैसूरची महिला कसोटी आणि वर्तमानपत्रांचे रकाने

क्रिकेटप्रेमी वाचकांना एक प्रश्न विचारतो. आपल्या म्हैसुरात महिलांचा आंतरराष्ट्रीय कसोटी सामना झाला होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? हा प्रश्न मी आमच्या अशोकपुरमच्या रेल्वे कारखान्यात अनेकांना विचारला आहे. तेथे जवागल श्रीनाथचे आकडे तोंडपाठ असणारे लोक आहेत, तरी बहुतेकांनी माना हलवल्या. एकाने तर "सराव सामना असेल हो," असे म्हणून मलाच समजावले.

तो सराव सामना नव्हता. १६ ते १९ नोव्हेंबर २०१४ या चार दिवसांत, मानसगंगोत्रीच्या आवारातील श्रीकंठदत्त नरसिंहराज वाडियार मैदानावर, म्हणजे जुन्या गंगोत्री ग्लेड्सवर, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका हा महिलांचा अधिकृत कसोटी सामना झाला. शहराचे नाव सरकारी दप्तरात 'मैसूरु' होऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते. (आपण मराठी माणसे अजूनही म्हैसूरच म्हणतो, ते असो.) ज्यांचे नाव मैदानाला दिले, ते वाडियार महाराज राज्य क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष असतानाच डिसेंबर २०१३ मध्ये निवर्तले होते.

सामना कसा झाला ते थोडे सविस्तर सांगतो, कारण ते सांगणारा दुसरा कोणी भेटत नाही. मिताली राज कर्णधार होती. सलामीला तमिळनाडूची तिरुष कामिनी आणि सांगलीची अठरा वर्षांची स्मृती मानधना. होय, तीच स्मृती! त्या दिवशी ती ८ धावांवर बाद झाली. मग कामिनीच्या जोडीला मुंबईची पूनम राऊत आली आणि दोघींनी दुसऱ्या विकेटसाठी २७५ धावा जोडल्या. भारतीय महिलांनी कसोटीत कोणत्याही विकेटसाठी एवढी भागीदारी तोवर केली नव्हती. कामिनीच्या १९२, पूनमच्या १३० आणि ६ बाद ४०० वर डाव घोषित. दक्षिण आफ्रिकेची कर्णधार मिन्यों द्यू प्रीझ हिने १०२ धावा काढून झुंज दिली, पण त्यांचे डाव २३४ आणि १३२ वर आटोपले. हरमनप्रीत कौरने ऑफ स्पिन टाकून सामन्यात ९ बळी घेतले. भारत एक डाव आणि ३४ धावांनी जिंकला.

मला या सामन्याचा पत्ता लागला तो वर्तमानपत्रातून नव्हे, तर रेल्वेमुळे. क्रीडा कोट्यातून भरती झालेला एक सहकारी कँटीनमध्ये "नम्म मिताली" गावात आल्याचे सांगत होता. मिताली रेल्वेची, म्हणून 'नम्म'. हा अभिमान पोकळ नाही. बोर्डाने महिला क्रिकेटकडे पाहिलेही नव्हते तेव्हापासून रेल्वेने या मुलींना नोकरी, पगार आणि रजा दिली. डायना एडुलजी यांनी त्यासाठी फार खटपट केली. २०१७ च्या विश्वचषकासाठी गेलेल्या १५ जणींपैकी १० जणी रेल्वेच्या होत्या. असे असूनही घरच्या टीव्हीवर मला तो सामना कोठे सापडला नाही, आणि मी घेत असलेल्या वर्तमानपत्रात निकाल आला तो आतल्या पानावर, चार ओळींत.

त्या आठवड्यात पहिल्या पानावर काय होते? १३ नोव्हेंबरला ईडन गार्डन्सवर रोहित शर्माने श्रीलंकेविरुद्ध २६४ धावा काढल्या. १४ तारखेला आयपीएल प्रकरणाच्या चौकशीतील नावे सर्वोच्च न्यायालयात जाहीर झाली. आणि १६ तारखेला, म्हणजे इकडे म्हैसुरात नाणेफेक झाली त्याच दिवशी, रांचीत विराट कोहलीने नाबाद १३९ धावा करून मालिका ५-० अशी संपवली. पण सगळा दोष पुरुषांच्या क्रिकेटला देऊन मोकळे होता येत नाही. त्याच १६ तारखेला सायना नेहवालने चायना ओपन जिंकली आणि तिचे देशभर भरभरून कौतुक झाले. म्हणजे बाईचा खेळ म्हणून बातमी मागे पडली, एवढे सोपे हे गणित नाही. एकटी खेळाडू परदेशात करंडक उंचावते तेव्हा आपण तिला ओळखतो. अकरा जणी चार दिवस घाम गाळतात, तेव्हा तिकडे वार्ताहर पाठवावा असे संपादकाला वाटत नाही.

काही जण म्हणतात, टीव्हीवर दिसले नाही तर लोक विसरणारच. मला हे पटत नाही. १९८३ च्या विश्वचषकात टर्नब्रिज वेल्सला कपिल देवने झिंबाब्वेविरुद्ध केलेल्या नाबाद १७५ धावांचे चित्रीकरण झालेच नाही. तरी तो डाव आज पोराटोरांना माहीत आहे, कारण त्यावर लिहिणाऱ्यांनी चाळीस वर्षे लिहिले. कामिनीच्या १९२ धावांच्या वाट्याला कॅमेरा आला नाही आणि लेखणीही आली नाही. रेल्वेत रजिस्टरला नोंद नाही तर काम झालेच नाही, असे धरतात. येथेही तसेच झाले.

पूर्वी इतकी उपेक्षा नव्हती, हे ऐकून आश्चर्य वाटेल. १९७३ मध्ये पुण्यात महिलांची पहिली आंतरराज्य स्पर्धा झाली तेव्हा मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश असे तीनच संघ होते. तीन वर्षांतच, ३१ ऑक्टोबर १९७६ रोजी, बंगळूरला वेस्ट इंडिजविरुद्ध पहिला कसोटी सामना सुरू झाला. बंगळूरच्याच शांता रंगस्वामी कर्णधार होत्या आणि पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी संघात होत्या. त्याच मालिकेत पाटण्याला पहिला विजय मिळाला, आणि तो पाहायला हजारो लोक लोटले होते. शांताबाईंना अर्जुन पुरस्कार मिळाला. हे खेळाडू आरक्षणाशिवाय, साध्या डब्यातून, बिछान्याच्या वळकट्या घेऊन प्रवास करीत. पैसा नव्हता, पण लोकांना कुतूहल होते.

मग कुतूहल आटले. २००६ मध्ये महिलांची संघटना बोर्डात विलीन झाली, तेव्हा शुभांगी कुलकर्णी तिच्या सचिव होत्या. आता सुगीचे दिवस येणार असे वाटले होते. पण त्या वर्षीच्या टाँटनच्या विजयानंतर भारतीय महिला पुढची कसोटी खेळल्या ती थेट ऑगस्ट २०१४ मध्ये, इंग्लंडात. तीही जिंकल्या. मग म्हैसूर जिंकले. लागोपाठ तीन विजय! आणि त्यानंतरची कसोटी? जून २०२१, ब्रिस्टल. साडेसहा वर्षांनी. प्रवासी नाहीत म्हणून गाडी बंद करायची आणि गाडीच नाही म्हणून प्रवासी नाहीत असे म्हणायचे, त्यातला हा प्रकार. म्हैसूरला ३१ वर्षांची असलेली मिताली ब्रिस्टलला ३८ वर्षांची झाली होती. तिची उभी कारकीर्द १२ कसोट्यांत संपली. १९२ धावा काढणारी कामिनी पुन्हा कधीच कसोटी खेळली नाही.

पुढचे सर्वांना माहीत आहे. २० जुलै २०१७ ला डर्बीत हरमनप्रीतने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १७१ धावा केल्या, तो डाव टीव्हीवर दिसला आणि वारे फिरले. ऑक्टोबर २०२२ मध्ये बोर्डाने महिलांना पुरुषांइतके सामना मानधन जाहीर केले. महिला प्रीमियर लीगचे पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ९५१ कोटींना विकले गेले. आणि २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत भारताने विश्वचषक जिंकला, तोही दक्षिण आफ्रिकेलाच हरवून. दुसऱ्या दिवशी पहिले पान हरमनप्रीतच्या मुलींचे होते. म्हैसूरला ९ बळी घेणारी हीच हरमनप्रीत आणि ८ धावांवर परतलेली हीच स्मृती. त्याच स्मृतीने जून २०२४ मध्ये चेन्नईच्या कसोटीत शेफाली वर्माबरोबर २९२ धावांची सलामी दिली आणि आपल्या म्हैसूरचा २७५ चा विक्रम मागे पडला.

आता एक विनंती. नोव्हेंबर २०१४ मध्ये आपल्यापैकी कोणी गंगोत्री ग्लेड्सवर गेले असेल, कोणाकडे त्या चार दिवसांचे फोटो असतील, किंवा कन्नड, मराठी, इंग्रजी कोणत्याही पत्रातले कात्रण जपून ठेवले असेल, तर ते मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावे. झेरॉक्स काढून मूळ प्रत त्याच दिवशी परत करू. फोटोच्या मागे तारीख आणि आपले नाव तेवढे लिहावे.