फलकावरचं पूर्ण नाव

विठाबाईंची एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते. दिवस भरलेले, वग ऐन रंगात, आणि कळा सुरू झाल्या. कनातीमागे बाळंत झाल्या, नाळ दगडाने ठेचून तोडली आणि पुन्हा बोर्डावर येऊन उभ्या राहिल्या. प्रेक्षकांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनीच हात जोडून खेळ थांबवायला लावला.

या गोष्टीला आपण 'जिद्द' म्हणतो आणि पुढे पाठवतो. मला ती आधी पैशाची गोष्ट वाटते. खेळ मोडला की सुपारी बुडते आणि फडातल्या सगळ्यांची चूल अडते. आमच्या पिंपळवंडीजवळच्या नारायणगावात हा हिशेब आजही दिसतो. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कारभारी यात्रेसाठी सुपारी ठरवायला येतात आणि घासाघीस रंगते. वर्षाची बरीचशी कमाई या यात्रांवरच.

विठाबाईंचा जन्म १९३५चा, पंढरपूरचा. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला, तो वडील भाऊ आणि काका बापू यांनी 'भाऊ-बापू' नावाने गाजवला. गण, गवळण, बतावणी आणि मग वग. वगात कथा ठरलेली, पण बरेचसे संवाद उभ्या उभ्या सुचलेले. समोरचा काय टाकेल ते झेलायचं, त्यातच लावणी म्हणायची, नाचायचं, तेही पहाटेपर्यंत. ही विद्या विठाबाई लहानपणापासून फडातच शिकल्या. बाळंतपणाच्या गोष्टीत नेमकी तीच दिसत नाही. सोसणारी बाई लक्षात राहते, कलावंत मागे पडते.

राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, तरी १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचं बिल देणग्यांतून भागवावं लागलं. पुढे राज्य सरकारने तमाशासाठीचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने सुरू केला. उशिरा का होईना, चांगलंच झालं.

फक्त नाव जरा बघा. फडाच्या फलकावर त्या 'विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर' होत्या. बापाचं नाव, जात आणि गाव, सगळं मोठ्या अक्षरांत. ज्या गावात जातीमुळे पाणी वरून वाढलं जाई, तिथेही तोच फलक लागायचा. पुरस्काराच्या नावात 'विठाबाई नारायणगावकर' एवढंच उरलं आहे.