सबब परत!

चिखलीला माझी एक भाची राहते. घरी शिलाई मशीन, मदतीला शेजारच्या दोघी आणि मोबाइलवर येणाऱ्या मागण्या, असा तिचा कारभार. कापडी पिशव्या, दुपटी, उशांचे अभ्रे शिवून ती गावोगाव पाठवते. गेल्या दिवाळीनंतर तिच्याकडे गेलो तेव्हा ओसरीवर पार्सलांचा ढीग पडलेला दिसला. मी म्हटले, "धंदा जोरात दिसतो!" ती म्हणाली, "मामा, हा पाठवायचा माल नाही. परत आलेला आहे."

मोजली तर एकवीस पार्सले होती. प्रत्येकावर कारणाची चिठ्ठी डकवलेली. ‘ग्राहकाने नाकारले’, ‘पत्ता सापडला नाही’, ‘ग्राहक उपलब्ध नाही’. त्या चिठ्ठ्या वाचताना मला पोस्टमनच्या हातचे जुने शेरे आठवले. ‘मालक घेत नाही, सबब परत’. ‘या नावाचा इसम गावात नाही, सबब परत’. भाषा बदलली, कागद बदलला. पण ‘सबब परत’ काही संपले नाही.

भाचीच्या तोंडून एकच प्रश्न निघत होता, "माझं चुकलं काय? मी माल चांगला दिला. जाण्यायेण्याचा खर्च मात्र माझ्या माथी." मंडळी, हा प्रश्न चिखलीचा नाही आणि आजचाही नाही. पार्सल परत आले तर भुर्दंड कोणी सोसायचा, हा प्रश्न आपल्या देशात जवळजवळ दीडशे वर्षे चालत आला आहे. त्याची उत्तरे वेळोवेळी कशी दिली गेली, ते पाहण्यासारखे आहे.

१८५४ साली लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत टपालाची नवी घडी बसली. अंतर कितीही असो, हलके पत्र अर्ध्या आण्यात देशभर जाऊ लागले. पार्सलांची सोय त्याआधीही होती. कावडीवर पेट्या लादून माणसे ती वाहून नेत आणि त्या टपालाला ‘बंगी’ म्हणत. म्हणजे माल पोहोचवण्याची व्यवस्था होती. अडचण होती ती विश्वासाची. मुंबईचा दुकानदार म्हणे, आधी पैसे पाठवा, मग माल पाठवतो. मेहकरचा गिऱ्हाईक म्हणे, आधी माल दाखवा, मग पैसे देतो. दोघांनी एकमेकांचे तोंड कधी पाहिलेले नाही. मग व्यवहार व्हावा कसा?

या कोंडीवर टपाल खात्याने १८७७ साली तोड काढली. ‘व्हॅल्यू पेएबल पोस्ट’ हे तिचे नाव. आपण तिला व्ही.पी. म्हणू लागलो. दुकानदाराने पार्सल टपालात टाकायचे, त्यावर वसुलीची रक्कम लिहायची. पोस्टाने ती रक्कम घेऊन मगच पार्सल हाती द्यायचे आणि पैसे दुकानदाराला पोचते करायचे. १८८० मध्ये टपाल खात्याने मनीऑर्डर सुरू केली आणि पैशाच्या परतीची वाटही सोपी झाली. सरकारी पोस्ट हा दोघांच्या ओळखीचा मध्यस्थ ठरला.

ही सोय आपल्याकडे किती लवकर आली, याची कल्पना पुष्कळांना नसते. अमेरिकेच्या टपाल खात्याने अशी सेवा १९१३ मध्ये सुरू केली. खुद्द ब्रिटनमध्ये देशांतर्गत टपालात ती १९२६ साली आली. म्हणजे राज्यकर्त्यांच्या देशाला जे मिळायला आणखी एकोणपन्नास वर्षे लागली, ते इथल्या गावकऱ्याच्या दारात आधी आले. कारणही उघड आहे. दुकाने मुंबई-कलकत्त्यात आणि गिऱ्हाईक हजारो खेड्यांत विखुरलेले.

आता बुलढाण्याकडे वळू. आपला जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा असा दोन भागांचा. मुंबई-नागपूर रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली, ती घाटाखालून. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही तिची स्टेशने. खामगावच्या कापसाच्या बाजारासाठी १८७० मध्ये जलंबहून खास फाटा काढला गेला. घाटावरच्या बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणारला मात्र रेल्वे आली नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. साहजिकच घाटावरचे टपाल स्टेशनावर उतरे आणि राजूर घाटासारख्या वाटांनी वर चढे. मुंबई-पुण्याची पुस्तके, मासिके, घड्याळे, औषधे व्ही.पी.ने मागवली जात. ती पोस्टातून पैसे भरून घेण्याला आपल्याकडे ‘व्ही.पी. सोडवणे’ म्हणत. शब्द मोठा बोलका आहे. गहाण पडलेली वस्तू सोडवावी, तशी ती सोडवायची!

आणि सोडवली नाही तर? नियम असा होता की व्ही.पी. सात दिवस पोस्टात थांबे. तेवढ्यात पैसे भरले नाहीत तर ती पाठवणाऱ्याकडे परत जाई. टपालखर्च त्याने आधीच भरलेला असे, तो बुडे. उलट घेणाऱ्याची अडचण अशी की पैसे भरल्याशिवाय पार्सल उघडता येत नसे. आत काय निघेल ते नशिबावर. म्हणजे व्ही.पी.च्या रचनेत जोखीम वाटून दिलेली होती. परतीचा तोटा विकणाऱ्याचा आणि बंद खोक्याचा धोका घेणाऱ्याचा. दोघांनीही थोडे थोडे सोसायचे, तेव्हा कुठे अनोळखी माणसांचा व्यापार चालायचा.

नाकारणाऱ्याला आपण चटकन लबाड म्हणतो. पण आपला जिल्हा कापसाचा. शेतकऱ्याच्या हाती रोकड येते ती वेचणीनंतर, माल बाजारात गेल्यावर. मागणीचे कार्ड टाकताना खिशात पैसे असतात. पार्सल येईपर्यंत ते सावकाराकडे, किराणा दुकानात किंवा मुलाच्या फीमध्ये गेलेले असतात. पोस्टमन दारात उभा आणि घरधनी शेतात. मग ‘नंतर बघू’ म्हणता म्हणता सात दिवस सरतात. शेऱ्यात ‘घेत नाही’ एवढेच लिहिले जाते. ‘आज पैसे नाहीत’ असा शेरा कोणी लिहीत नाही. विकणाऱ्याने हा फरक ओळखला पाहिजे. एका नकारामागे फसवणूक असते, दुसऱ्यामागे फक्त चुकलेली वेळ असते.

फसवणूक नव्हती असे नाही. १८९८ च्या टपाल कायद्यात व्ही.पी.साठी स्वतंत्र कलमे आहेत, यावरूनच ते कळते. खरी मागणी आली म्हणूनच हा माल पाठवत आहे, असे पाठवणाऱ्याकडून लिहून घेण्याची तरतूद त्यात होती. न मागवलेली पार्सले लोकांच्या गळ्यात मारणारे महाभाग तेव्हाही होते, हाच त्याचा अर्थ. फसवणूक झाली असेल तर वसूल केलेली रक्कम रोखून धरून ती घेणाऱ्याला परत करण्याची सोयही कायद्यात होती. तरीही पिढ्यान्‌पिढ्या लोक फसले. मासिकांत जाहिरात यायची, ‘सोपे कोडे सोडवा आणि ट्रान्झिस्टर मिळवा’. उत्तर नेहमीच बरोबर निघायचे! व्ही.पी. सोडवली की खोक्यात विटेचा तुकडा आणि रद्दी. रेडिओच्या श्रोत्यांपैकी काही ज्येष्ठांना हा अनुभव आठवत असेल. अशा एका विटेमुळे दहा प्रामाणिक दुकानदारांची पार्सले परत जातात. कारण एकदा पोळलेला माणूस पुढची व्ही.पी. सोडवतच नाही.

तिसरे कारण पत्त्याचे. त्यात तर आपला जिल्हा फारच अडचणीचा. आपले जळगाव म्हणजे जळगाव जामोद, पण बाहेरच्या माणसाला जळगाव म्हटले की खानदेशातले शहर आठवते. आपले मलकापूर रेल्वेवरचे, पण कोल्हापूरकडे एक मलकापूर आहे आणि कराडला लागून आणखी एक. चिखली म्हणाल तर एक पिंपरी-चिंचवडमध्ये आहे, एक गुजरातेत. तालुका-जिल्हा न लिहिलेले पार्सल महाराष्ट्रदर्शन करून आले तर नवल नाही.

या गोंधळावर उपाय शोधणारा माणूस मराठी होता, ही आपल्या अभिमानाची गोष्ट. श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्राच्या दळणवळण खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे पंडित कवी. त्यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिनकोड सुरू झाला. पहिला आकडा देशातला विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा टपाल छाननीचा जिल्हा आणि उरलेले तीन नेमके पोस्ट. भाषा कोणतीही असो, अक्षर कसेही असो, आकडे बोलतात. खानदेशातल्या जळगाव शहराचा पिन ४२५ ने सुरू होतो, आपल्या जळगाव जामोदचा ४४३ ने. दोन गावांचे नाव एक असले तरी आकडे एक होत नाहीत. मात्र गंमत पाहा, खामगाव आणि शेगाव आपल्याच जिल्ह्यात असूनही त्यांचे पिन अकोल्यासारखे ४४४ ने सुरू होतात. म्हणून नुसत्या अंदाजाने पिन लिहू नये. विचारूनच लिहावा.

आणि ज्या पार्सलाचा घेणाराही सापडत नाही आणि पाठवणाराही नाही, त्याचे काय? त्यासाठी टपाल खात्यात वेगळे कार्यालय असे. पूर्वी त्याला ‘डेड लेटर ऑफिस’ म्हणत, पुढे ‘रिटर्न्ड लेटर ऑफिस’ म्हणू लागले. तिथले नेमलेले कर्मचारी पार्सल उघडून आत काही पत्ता मिळतो का ते पाहत. १८९८ च्या कायद्याप्रमाणे न नासणारी, विकण्याजोगी वस्तू एक वर्ष सांभाळायची आणि तरीही हक्कदार आला नाही तर विकून रक्कम खात्यात जमा करायची. सवय छोटी, पण मोलाची. पार्सलाच्या बाहेर तर सोडाच, आतही आपले नाव-पत्ता टाकून ठेवावा.

तो कायदा सव्वाशे वर्षे चालला. २०२३ मध्ये नवा टपाल कायदा झाला आणि जून २०२४ पासून लागू झाला. दरम्यान जग मोबाइलवर गेले. फ्लिपकार्टने २०१० मध्ये माल हाती आल्यावर पैसे घेण्याची सोय सुरू केली आणि ती झपाट्याने रुळली. पुष्कळांना ते परदेशी डोके वाटले. खरे तर ती आपल्या आजोबांची व्ही.पी.च होती, फक्त नव्या कपड्यांत.

पण एक फरक पडला. व्ही.पी.त घेणाऱ्याला परत करण्याची सोय जवळजवळ नव्हती, ती आता मिळाली. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे माल सदोष असेल, जाहिरातीप्रमाणे नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोहोचला असेल, तर विकणाऱ्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही. विटेचा तुकडा मिळालेल्या पिढीने हात जोडावेत असा हा नियम आहे. त्याच वेळी ओझ्याचा काटा विकणाऱ्याकडे झुकला, हेही खरे. मोठ्या कंपनीला हजारो परतीची पार्सले झेपतात. घरात शिवणाऱ्या बाईला एकवीस पार्सले म्हणजे महिन्याचे भांडवल.

त्या दिवशी मी आणि भाची ओसरीवर बसलो आणि जुन्या पोस्टमास्तरासारखे एकेक पार्सल हातात घेऊन शेरे वाचले. तीन ढीग केले. नाकारलेली नऊ, पत्ता न सापडलेली सात आणि उघडून परत केलेली पाच. मग तिने फोन लावायला सुरुवात केली. नाकारणाऱ्यांपैकी तिघी म्हणाल्या, "ताई, त्या दिवशी घरात पैसे नव्हते. परत पाठवाल का?" पत्ता न सापडलेल्यांत चौघांनी तालुकाच लिहिला नव्हता. आणि उघडून परत आलेल्या पाचांत, सांगायला हवे, तीन वेळा चूक भाचीचीच निघाली. फोटोत रंग गडद, प्रत्यक्षात फिका.

ते ऐकून ती गप्प झाली. मग म्हणाली, "मामा, मी तर सगळ्यांनाच शिव्या देत बसले होते."

त्यानंतर तिने एक वही घातली. कोणते पार्सल परत आले, का आले, किती खर्च बुडाला, याची. माल पाठवण्याआधी ती फोन करून मागणी खरी आहे का आणि कोणत्या दिवशी पैसे हाती असतील ते विचारते. १८९८ च्या कायद्यातली ‘खरी मागणी’ ती हीच! तालुका आणि पिन घेतल्याशिवाय पार्सल बांधत नाही. परत आलेले पार्सल आले तसे दुसऱ्याला पाठवत नाही; उघडते, तपासते, पुन्हा इस्त्री करते. फोटो आता ती अंगणातल्या उजेडात काढते. आणि चूक आपली असेल तर वाद न घालता पैसे परत करते.

पार्सले अजूनही परत येतात. येणारच. दीडशे वर्षांत ती कोणाला थांबवता आली नाहीत. पण परतीच्या पार्सलावर फक्त तोटा लिहिलेला नसतो, कारणही लिहिलेले असते. ते वाचण्याइतका धीर आपल्याला हवा. आणि मागवणाऱ्यांनाही एक विनंती. आपण मोबाइलवर सहज बोट लावतो, तेव्हा दुसऱ्या टोकाला कोणीतरी सुईत दोरा ओवत असते. घ्यायचे नसेल तर मागवू नये. मागवले असेल आणि पैशाची अडचण असेल, तर एक फोन करून तसे सांगावे. ‘आज पैसे नाहीत, पुढच्या आठवड्यात पाठवा,’ असे म्हणण्यात कमीपणा नाही. ‘सबब परत’ या दोन शब्दांपेक्षा तो केव्हाही बरा.