दोन सुया आणि एक आकडी

लोकरीचे विणकाम आणि क्रोशाकाम यांना आपण नेहमी एकाच पंक्तीला बसवितो. दोन्ही बायकांच्या फावल्या वेळची, दोन्ही घरबसल्या करावयाची आणि म्हणून दोन्ही ‘छंद’ या सदरात मोडणारी, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक या दोघींच्या वयात कित्येक शतकांचे अंतर आहे. त्यांची घराणीही निराळी. शिवाय यंत्रयुगाने एकीचे काम हिरावून नेले आणि दुसरीला मात्र त्याला हात लावता आला नाही. याचे परिणाम हजारो कुटुंबांच्या पोटापर्यंत पोहोचले आहेत.

विणकामाचे वय ठरविताना अभ्यासकांची एके काळी फसगत झाली होती. इजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथे मिळालेले, अंगठा वेगळा असलेले तांबडे लोकरी मोजे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. ते इसवी सन 250 ते 420 या काळातील. असे मोजे प्रथमदर्शनी सुयांवर विणल्यासारखेच दिसतात. परंतु बारकाईने पाहता ते नेढे असलेल्या एकाच सुईने, दोरा ओवून आणि फासात फास गुंतवून केलेले ठरले. खऱ्याखुऱ्या विणकामाचे आज ज्ञात असलेले सर्वांत जुने अवशेषही इजिप्तमधलेच, पण ते इस्लामी राजवटीतील, साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकांमधले. पांढऱ्या आणि निळीत रंगविलेल्या धाग्याचे हे मोजे सुती आहेत! विणकाम म्हटले की ज्यांच्या डोळ्यांपुढे केवळ लोकरीचे गुंडे येतात, त्यांनी हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. 1275 साली मृत्यू पावलेल्या कास्तीलच्या राजपुत्र फेर्नांदो दे ला सेर्दा याच्या थडग्यात रेशमी विणीची उशी निघाली, तिच्यावर अरबी अक्षरांची नक्षी आहे. पुढे 1400 च्या सुमारास उत्तर जर्मनीतील बुक्स्टेहूडे येथील वेदीचित्रात चित्रकाराने मेरीमातेच्या हाती चार सुया दिल्या. ती बाळ येशूसाठी अंगरखा विणीत बसली आहे. म्हणजे तोवर ही कला तेथील घरांत रुळली होती.

क्रोशाची गोष्ट अगदी वेगळी. ‘फार प्राचीन कला’ असे तिचे वर्णन कौतुकाने केले जाते. तथापि 1800 पूर्वीचा एकही निर्विवाद नमुना आढळत नसल्याचे डॅनिश संशोधिका लिस पालुडान यांनी दाखवून दिले आहे. क्रोशाचे नमुने छापलेले प्रथम दिसतात ते 1820 नंतरच्या दशकात, ‘पेनेलोपे’ नावाच्या डच मासिकात. मग ही आकडी आली कोठून? यावर एक तर्क मांडला जातो, आणि तो आपल्या बडोद्याच्या वाचकांना जवळचा वाटेल. कच्छ-काठेवाडातील मोची कारागीर आरीने, म्हणजे चामडे शिवण्याच्या हत्याराचीच बहीण शोभेल अशा बारीक आकडीने, कापडावर साखळीचे टाके घालीत. गुजरातेतील हे भरतकाम सतराव्या शतकात जहाजांतून इंग्लंडला जात असे. अठराव्या शतकात गोल चौकटीवर ढोलक्यासारखे कापड ताणून आकडीने साखळी भरण्याची कला युरोपात पूर्वेकडून आली व फ्रान्समधील प्रतिष्ठित स्त्रियांच्या दिवाणखान्यांत शिरली. 1770 मध्ये सेंत-ओबँ यांनी भरतकामावरील आपल्या ग्रंथात तिचे वर्णन केले. पुढे कोणी तरी खालचे कापडच काढून टाकले आणि साखळी हवेत विणली. लेखी पुरावा नसला तरी हा तर्क मला ग्राह्य वाटतो. कारण आजही क्रोशाचा आरंभ साखळीनेच होतो.

आता दोहोंतील मूळ भेद पाहू. सुयांवर विणताना एका ओळीचे सर्व फास एकाच वेळी उघडे असतात. एक निसटला की खालपर्यंत शिडी उसवत जाते. क्रोशात उघडा फास एकच. बाकीचे विणकाम मिटलेले. म्हणून ते कोठेही खाली ठेवावे, वाटेल त्या दिशेला वळवावे. परंतु ओळीने मांडलेले ते उघडे फासच यंत्राला सोयीचे ठरले. नॉटिंगहॅमशायरमधील विल्यम ली याने 1589 साली प्रत्येक फासाला स्वतंत्र आकडी देऊन सबंध ओळ एकदम विणणारा माग बनविला. हाताने मोजे विणून जगणाऱ्या गरिबांची भाकर जाईल, म्हणून राणी एलिझाबेथने त्याला सनद नाकारली, अशी आख्यायिका आहे. माग मात्र थांबला नाही. 1811 मध्ये त्याच मुलखातील मागवाल्यांनी, मजुरी घसरली म्हणून, असेच माग फोडावयास सुरुवात केली आणि 1812 मध्ये पार्लमेंटने माग फोडणाऱ्यास फाशीची शिक्षा ठरविली. हाताचे विणकाम हळूहळू पोटाचा धंदा राहिला नाही. ते छंद झाले, ते असे.

क्रोशाचे अस्सल काम करणारे यंत्र अद्याप चाललेले नाही. बाजारात क्रोशा म्हणून मिळणारे यंत्राचे कापड वस्तुतः निराळ्या विणीचे असते. तेव्हा क्रोशाचा खरा रुमाल कितीही स्वस्त मिळो, तो कोणा तरी माणसाच्या बोटांतूनच उतरलेला असतो. 1845 नंतरच्या दुष्काळात आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक कुजून माणसे उपाशी मरू लागली, तेव्हा कॉर्कसारख्या ठिकाणी जोगिणींच्या मठांनी मुलींना क्रोशाची लेस शिकविली. व्हेनिसच्या सुईच्या लेसेची ती नक्कल असे, पण पुष्कळ लवकर होई. तिच्या विक्रीवर अनेक घरे तगली.

आपल्याकडे गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूरला एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी हीच कला नेली. तेथील स्त्रियांवर जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी लिहिलेला ग्रंथ 1982 मध्ये प्रसिद्ध झाला. कोणी नुसती फुले विणायची, कोणी ती जोडायची, अशी कामाची वाटणी होती. दिवसाचे सहा-सात तास त्यात जात, माल परदेशी जाई आणि निर्यातीचा व्यापार पुरुषांच्या हाती असे. मजुरी शेतमजूर स्त्रीच्या किमान वेतनाहूनही कमी पडे. तरी या स्त्रिया कामगार नव्हेत, त्या घराबाहेर न पडणाऱ्या गृहिणी, आणि हे त्यांचे फावल्या वेळचे काम, असेच व्यापारी सांगत. बऱ्याच अंशी त्या स्वतःही तसेच समजत, कारण शेतावर न जाणे ही घराण्याची प्रतिष्ठा होती. 2024 साली नरसापूरच्या या लेसेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नावाने विकल्या जाणाऱ्या मालाच्या किमतीतून विणणारीच्या हाती किती पडते, हा मारिया मीस यांचा प्रश्न मानांकनाच्या दाखल्यावर लिहिलेला नसतो.